गुरुजी म्हणतात, छान खेळा

नाही हो, घरात नाहीये तो, खरंच नाही — पाव आणायला गेलाय, आणि पाववाल्याकडे कालच्या मॅचचा विषय निघाला असणार, म्हणजे तासाभराची निश्चिंती. बसा तुम्ही. बिल्बाओहून एवढी गाडी चालवत आलात, कोरियातल्या क्लबचा करार घेऊन, आणि मी काय दारातूनच परत पाठवू? एजंट असलात म्हणून काय झालं, माणूसच आहात. हा घ्या, सोबाओ घ्या, केक मीच केलाय, लोणी घरचं आहे. पण आधीच सांगून ठेवते, फेर्मीन येणार नाही. का म्हणजे? थकला. बास. माझा नवरा थकला की मलाच कळणार ना आधी!

काय? काय लिहिलंय तुमच्या फाइलमध्ये? पुन्हा वाचा — 'शांत स्वभाव, खेळाडूंवर कधीही आवाज चढवत नाही'? अगं बाई! थांबा, मला हसून घेऊ दे. फेर्मीन? अहो, तिसऱ्या डिव्हिजनमध्ये गोलकीपर होता ना, तेव्हा त्याचा आवाज मैदानाबाहेर गोठ्यापर्यंत जायचा, गाई दूध द्यायच्या थांबायच्या. मग गुडघा गेला, खेळ गेला, आवाज राहिला. आमच्या गावच्या टीमला बारा वर्षं शिकवलं — रविवारी सकाळी प्रॅक्टिस असायची, तर पाद्रीबाबा स्वतः चालत आले मैदानात. म्हणाले, "फेर्मीन, तुझ्या तोंडून देवाच्या आईचं नाव माझ्यापेक्षा जास्त वेळा निघतं, आणि सगळं चर्चमध्ये ऐकू येतं. दुपारी घे प्रॅक्टिस." घेतली दुपारी.

मग बोलिव्हियाहून फोन आला. याला वाटलं चुलतभाऊ चेष्टा करतोय, दोनदा आपटला फोन! तिसऱ्यांदा मी घेतला, म्हणून तर गेलो पोतोसीला. आता तिथं सगळे स्पॅनिशच बोलतात, म्हणजे प्रत्येक शिवी थेट कानात — पण शहर चार हजार मीटर उंचावर, हवाच नाही हो. पहिल्या मॅचला उभा राहिला, एकदा ओरडला, दोनदा ओरडला, तिसऱ्यांदा धाडकन आडवा! स्ट्रेचरवरून नेला. आणि टीम जिंकली दोन-शून्यनं. पुढच्या मॅचला सगळं स्टेडियम — तिथं कोचला प्रोफेसर म्हणतात — ओरडतंय, "पडा, प्रोफेसर, पडा!" दोन वर्षं तिथं दम पुरत नव्हता म्हणून गप्प राहिला, आणि लोक म्हणाले, काय संयमी माणूस!

पण व्हिएतनामला हवा भरपूर. विन्ह शहरातला क्लब, तळाला गेलेला, पोरं बिचारी घाबरलेली. दुभाषा होता थुअन म्हणून, क्युबाला ऊसशेतीचं शिकायला गेला होता, तिथं स्पॅनिश शिकून आला. पहिल्याच दिवशी फेर्मीन सुरू — "अरे गाढवांनो, पायांना खिळे ठोकलेत का तुमच्या? माझी आजी काठी टेकत यापेक्षा बरा पास देईल! आणि तू, तू लेफ्ट-बॅक आहेस की कपडे वाळत घालायचा खांब?" — थुअन पांढराफटक. मी मागेच बसले होते. चहाच्या वेळी त्याला बाजूला घेतलं, म्हटलं, थुअनभाऊ, एक करा — याच्या बोलण्यातला राग चाळून टाका, फुटबॉल तेवढा ठेवा. तेव्हापासून हा चार मिनिटं बोंबलायचा, आणि थुअन हात जोडून सांगायचा, "गुरुजी म्हणतात, पास जरा लवकर द्या. छान खेळताय." बस्स! पोरं फुलली हो. त्यांना वाटायचं, एवढे हातवारे, एवढा लालबुंद चेहरा — केवढी माया करतो हा माणूस आपल्यावर! तीन वर्षांत तळाची टीम तिसऱ्या नंबरावर आली. निघताना सगळी टीम विमानतळावर, कॅप्टन तर याचा हातच सोडेना. पेपरात छापलं, 'शांत गुरुजी'. तुमच्या फाइलमधलं वाक्य तिथूनच आलंय, लिहून घ्या.

नाही, नको, लिहून घेऊ नका! फेर्मीनला माहीत नाहीये हे. कुणालाच माहीत नाही. मी पण ना — तुम्ही सोबाओ खाताय ते एवढ्या शांतपणे, की बोलतच सुटले.

आता सांगितलंच आहे तर पुढचंही ऐका. मग आलं उझबेकिस्तान. तेव्हा आमच्या मुलीला, नेरेयाला, जुळी झाली होती, मी राहिले तिच्यापाशी, हा एकटाच गेला. तिथला दुभाषा म्हणजे विद्यापीठात पहिला आलेला पोरगा — एक शब्द गाळायचा नाही! गाढव तर गाढव, आजी तर आजी. सातव्या आठवड्यात अकराच्या अकरा जण मैदानातून उठले आणि बसमध्ये जाऊन बसले. नोव्हेंबरात फेर्मीन घरी. तीन आठवडे दाढी नाही, मैदानाकडे फिरकणं नाही, खिडकीत नुसता बसून. मला वाटलं, याला वाटतंय आपला खेळच जुना झाला. मी सांगायला नको का होतं? पण कसं सांगू हो — तुझं सगळं नाव एका ऊसवाल्याच्या जिभेवर उभं आहे म्हणून? नाही सांगितलं. तुमच्याआधी दोन फोन आले, एक ग्रीसचा, एक चिलीचा. मीच घेतले. म्हटलं, थकलाय तो.

मी? मी काय करणार बरोबर येऊन? कोरियन शिकू, या वयात? नाही, व्हिएतनामी तरी कुठं येत होतं, मासळीबाजारात भांडून भांडून शिकले... थंडी फार असते का हो तिथं? म्हणजे, सहज विचारतेय. आणि दुभाषा आपण निवडायचा असं करारात घालता —

फेर्मीन! कधी आलास तू? पाव हातात घेऊन असा दारात काय उभा — किती ऐकलंस? सगळं?

काय? माहीत होतं? कधीपासून? पहिल्या आठवड्यापासून! ऐकलंत? म्हणतोय, माझी चार मिनिटांची शिवी चार शब्दांत कशी संपेल! अरे मग तीन वर्षं गप्प का बसलास? मनसोक्त ओरडता यायचं आणि लागायचं कुणालाच नाही, म्हणून? लबाडा! आणि तिकडे उझबेकिस्तानात काय, सगळेच दुभाषे असं करतात असं वाटलं तुला? देवा!

मग ते तीन आठवडे कशाचे, फेर्मीन? ... तिथल्या लेफ्ट-बॅकचं तोंड. हं. ... गावची पोरं हसण्यावारी न्यायची; आपण काय बोलतो ते पहिल्यांदाच कुणाच्या तोंडावर दिसलं.

मग मला का नाही बोललास? ... मी आधी सांगेन, म्हणून वाट बघत होतास?

...

तुम्ही उठा बघू आता. उठा, उठा. उरलेला सोबाओ न्या बरोबर, बिल्बाओला कुठला मिळायला असा. नाही, करार नका उचलू, राहू दे तिथंच. आणि पेनही ठेवा. दार ओढून घ्या जाताना.