तळ्याचा तळ मीच खरवडला

माहं नाव ताराबाई, आमी ढिवर, माहेर मूल गावाकडलं, धानाच्या पट्ट्यातलं, लहानपन चिखलातच गेलं म्हना ना. लगन झालं आन इथी आली, या तालुक्याच्या गावी, तं इथी सगळी काळी जमीन, कापूस आन सोयाबीन, चिखलात धानाचं रोप लावाचा रोवणा कोनाले ठाऊक नाई. पन वार्डात तळं होतं. नवऱ्यानं जाळं टाकाचं आन मी मासोळ्याची टोपली घेऊन बाजारात बसाचं, त्याच्यावरच दोन पोरी शिकल्या, आपापल्या घरी गेल्या.

मंग गाव वाढलं, सांडपानी तळ्यात याले लागलं, जलकुंभी, ते जलपर्णी म्हनते ना, अशी माजली का पानी दिसे नाई. काय सांगू तुमाले, वास असा का मानूस जेवता जेवता उठे. तं आमी वार्डातल्या बाया नगरपालिकेच्या मागं लागलो, ते नाली दुसरीकडं वळवाले लावली, आन उन्हाळाभर घाणीत उभं राहून जलकुंभी उपसली. गाळ काढाले मशीन बी आली.

आता हे ऐका जी, हे माहं पाप हाये. मशीनवाला म्हने, बाई, खाली काळा पाखन लागून राह्यला, थांबू का. मी काठावर उभी, म्हटलं काऊन थांबतं, काढ अजून, जेवढं खोल तेवढं पानी. लई शहाणी मी. त्यानं खरवडून पार दगड उघडा केला, गाळ लोकायनं ट्रॅक्टरनं वावरात नेला. पावसाळ्यात तळं काठोकाठ भरलं, आमी नारळ फोडला, आन दिवाळीच्या आंदी तळं कोरडं ठक्क. पानी खालूनच गेलं. शाळेतल्या बाई सांगे, हा दगड जमिनीतल्या आगीतून वर आलेला, थंडा होतानी तडकला, त्याले भेगाच भेगा. त्या भेगा गाळानं बुजून होत्या, आन तो गाळ मीच काढाले लावला.

नगरपालिकेत बोलणं सुरू झालं, आता एक पावसाळा पाहू, पानी टिकलं नाई तं तळं बुजवून दुकानं काढू. मले भाकर गोड लागे नाई. मंग सभेत उभी राह्यली, म्हटलं चूक माही हाये आन उपाव बी माह्याचजवळ हाये. धानाच्या बांदीत, त्या बांध घातलेल्या वावरात, पानी काऊन टिकते, आमी चिखल तुडवतो, तवा खालची वाट बंद होते, तेच इथी करू. लोकं हासले, म्हने ताराबाई आता तळ्यात धान रोवते.

पन मी दारोदार गेली, वावराच्या धुऱ्यावर गाळाचे ढीग पडून हायेत ते वापस द्या म्हटलं. खुशालभाऊ नावाचे एक शेतकरी हायेत, ते म्हने देल्लेलं कोनी वापस मागते का व बाई, आन दुसऱ्या दिवशी त्यायचाच ट्रॅक्टर पह्यले आला, भरून. थर टाकला, टँकरनं पानी सोडलं, म्हशी फिरवल्या आन त्यायच्या मांग आमी बाया. कापसाच्या बाया ह्या, चिखलात पाय घालाले लाजे. मी लुगडं खोचलं, म्हटलं टाच पह्यले दाबा, मंग चवडा, जागा सोडू नोका. एक म्हने, तुमी तं माह्या सासूहून जबर हाये. म्हटलं, तुडव.

झाला पावसाळा. दिवाळी गेली, पानी होतं. संक्रांत गेली, पानी होतं. होळीले बी गुडघाभर होतं, मी सोता उतरून पाह्यलं, आन तिथंच उभी राहून रडली. दुकानाचं बोलणं बंद झालं. आता कमळ हाये, पानकोंबड्या हायेत, माही टोपली रोज बाजारात जाते.

आता काठावर पाटी लावून राह्यले, ताराबाईनं तळं वाचवलं म्हनून. मी नगरपालिकेच्या सायबाले म्हटलं, तळ हिनंच खरवडला होता, हे बी लिवा. सायेब म्हने असं कोनी लिवते का बाई. तं तुमी लिवा जी, म्हनून एवढं बोलली. उद्या दुसऱ्या गावात कोनी बाई मशीनजवळ उभी राहीन, अजून खोल, अजून खोल म्हनन, तिले कोनी वाचून दाखवा. तिचं पानी टिको.