पदराच्या गाठीतला तुकडा

भंडाऱ्याहून लाखनीला जाणाऱ्या एसटीत माझ्या मागच्या सीटवर दोन जावा बसल्या होत्या. थोरलीचा आवाज आधीच चढलेला होता.

"रंजू, पदराच्या गाठीत काय बांधलंस?"

"रोटीचा तुकडा आहे, बाई. दवाखान्यातल्या सिस्टरबाईच्या घरी प्रार्थना होती, तिथला."

"येशूचा? अन् घरी कायले नेऊन राहिलीस?"

"परसाद एकटीनं खाऊ नये म्हून घरच्यायसाठी ठेवला."

"दाखव. ही फुगली काहून नाई? काय मिसळलं हिच्यात?"

"काईच नाई. त्यायच्या पोथीतले लोक गुलामीतून घाईनं निघाले. पावासारखी कणीक आंबवाले वेळ नव्हता, म्हून अशी चपटी."

"खाल्लं का माणूस त्यायचाच होते म्हणतात. हे सासूबाईले सांगाच लागते."

"मले तसं कोणी नाई म्हटलं. येशूनं धरल्या जायच्या आधी रोटी मोडली. 'हे माझं शरीर आहे' म्हणून सगळ्यायले वाटली."

"सगळ्यायले?"

"त्याले धरून देणारा त्याच पंगतीत होता. त्यालेबी."

"येशूले मालूम नसंन."

"मालूम होतं, बाई."

"मंग माह्याकडं काहून पाहून राहिलीस?"

"नाई पाहत. घ्या, यातला अर्धा तुमचा."