गच्चीचं पान

—अहो, ती नका घेऊ, त्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे. त्याखालचा पुठ्ठा मघाशी मीच काढून ठेवलाय, ग्रंथपाल कधी येऊन बसतात त्याची वाट बघतोय. तुम्ही आपले इथं बसा, माझ्या शेजारी. पहिली रांग असली म्हणून काय झालं, कुणी उठवलं तर सांगा, पेंटरबाबांचे पाहुणे. पेंटर म्हणजे चित्रं काढणारा नव्हे हो, पाट्या रंगवणारा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, कुत्र्यापासून सावध राहा—सगळ्या. आणि जिचं पुस्तक ऐकायला आलात ना तुम्ही, ती माझी धाकटी. ती बघा, टेबलाशी, पाण्याचा पेला शोधतेय. समोरच आहे पेला. नाकासमोरची वस्तू दिसत नाही तिला, आईवर गेलीय.

तुमच्याकडे आहेच की पुस्तक. निळ्या पाठीचं—निळी म्हणजे पहिली पायरी, मग हिरवी, मग लाल, आणि लालच्या पुढचं मला विचारू नका. तुम्ही इथल्या इंग्रजीच्या संध्याकाळच्या वर्गातले ना? मग बाईंनी तुम्हालाही तेच सांगितलं असणार—सोपं वाचा, भरपूर वाचा, गोडी लागेल ते वाचा, डिक्शनरीला हात लावायचा नाही, आणि पानावर दोन-तीन शब्दांपेक्षा जास्त अडले की पुस्तक खुशाल ठेवून द्या, दुसरं घ्या. बरोबर? मला कसं ठाऊक म्हणता—जरा इकडे सरका—मी सकाळच्या वर्गात आहे. हळू. तिला माहीत नाही. घरात कुणालाच माहीत नाही, घरी वाटतं मी पाय मोकळे करायला जातो.

शाळा म्हणाल तर सातवीत सोडली, म्हणजे शाळेनंच मला सोडलं, मास्तरांच्या खुर्चीला ओला रंग लावला होता म्हणून. पण इंग्रजी अक्षर काढावं ते मी. वाचता येत नव्हतं, काढता येत होतं. आपण फुलाचं चित्र काढतो, वास येतो का त्याला? तसं. एस काढताना तर श्वास रोखून धरायचो. दोनच शब्द मला अर्थासकट येत होते, पुश आणि पुल, आणि बँकेच्या दारावर ते मी मुद्दाम उलटे लिहिले आणि समोरच्या टपरीत चहा घेत बसलो—काय माणसं हो, साहेबलोकं, दाराशी झटापट करतायत, एकानं तर दाराला लाथ घातली. मॅनेजरनं मला बोलावलं, मी म्हटलं साहेब, अडाणी माणूस, अक्षरं कळत नाहीत. कशी मान डोलावली त्यानं. अडाणी असण्याचे फायदे आहेत बरं का.

तर धाकटी. तिचा धंदाच हा—इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी असली सोपी पुस्तकं लिहिणं. पहिल्या पायरीला शब्द मोजून दिलेले असतात, तेवढ्यातच गोष्ट बसवायची, भूतकाळसुद्धा जपून वापरायचा. मी म्हणायचो, म्हणजे पाटीसारखंच की, फळी केवढी त्यावर मजकूर. ती हसायची. मागच्या हिवाळ्यात रोज येऊन बसायला लागली माझ्यापाशी—बाबा, सांगा ना, बाबा, ते बँकेचं सांगा, बाबा, ते न्हाव्याच्या पाटीचं सांगा. फोन ठेवायची मध्ये. मला वाटलं लेकीला बाप आठवला. मोठी परगावी, आई गेलेली, ही एवढी कामात, तरी येते, बसते—मी दिल खोलून सांगितलं. एकही थट्टा मागं ठेवली नाही.

आणि मग हे पुस्तक आलं. म्हणाली, बाबा, तुमच्यावरच आहे, नाव आहे गमत्या पेंटर. आणि अख्खं वाचून दाखवलं मला—ओळीखाली बोट ठेवून, ओळ इंग्रजीत आणि तोंडानं मराठीत. मी एवढा हसलो की उचकी लागली. गल्लीत दारोदार नेलं पुस्तक, दुधवाल्याला दाखवलं, चित्रं तरी बघ म्हटलं. त्यातल्या त्यात आवडतं पान कुठलं, तर गच्चीचं. उघडा तुमचं—हं, हेच, मुलगी गच्चीवर बसलीय ते. त्याचं असं झालं, तिचा मोठ्या परीक्षेचा निकाल. मी बघून आलो. पहिली आली होती शाळेत. आणि मी चेहरा असा—असा पाडून सांगितलं, पोरी, राहिलीस. ती गच्चीवर जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत मी थट्टा धरून ठेवली, हूं की चूं नाही. संध्याकाळी तिच्या आईनं विचारलं, निकालाचं काय झालं, तेव्हा कुठं मला आठव—तेव्हा मी सांगितलं. मध्ये एका हॉटेलची पाटी टांगायची होती, शिडीवर होतो मी, ते सोडा. तर या पानाचं तिनं मला काय वाचून दाखवलं? मुलगी खाली आली, बापाच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतलं आणि दोघं हसत सुटले. मी म्हटलं, अगं बादली कुठं होती? तर म्हणते, बाबा, गोष्टीत थोडं घालावं लागतं.

म्हणून तर मी बाईंच्या वर्गात नाव घातलं. म्हटलं आता आपण हिची थट्टा करू. इंग्रजी शिकायचं, कुणाला सांगायचं नाही, आणि एक दिवस तिच्यासमोर बसून तिचंच पुस्तक घडाघडा वाचायचं—तिचं तोंड बघायचं होतं मला. बेकरीवाल्याची गोष्ट वाचली, दीपस्तंभाची वाचली, हरवलेल्या मांजराची तर दोनदा. तिचं मात्र राखून ठेवलं होतं, ताटातला गोड घास शेवटी ठेवतो ना आपण. आणि एक दिवस घेतलं. तर वरच्या नावातलाच शब्द अडला. मध्ये जी आणि एच फुकटचे बसलेले, उच्चारात कुठंच नाहीत—असली अक्षरं आली की माझी फळी पुरायची नाही. बाईंना विचारलं. डॉटर म्हणाल्या. पेंटरची मुलगी. गमत्या वगैरे काही नाही तिथं. मी आपला तरीही, म्हटलं, असेल, नावात काय एवढं.

मग गच्चीचं पान आलं. बादली नाही. एक थेंब पाणी नाही हो. अंधार पडतो, बाप खालून हाक मारतो, ती खाली येते. आणि शेवटची ओळ, बघा—आफ्टर दॅट डे शी डज नॉट बिलीव्ह हर फादर. त्या दिवसानंतर तिचा बापावर विश्वास नाही. दोन-तीन शब्द अडले तर ठेवून द्या म्हणतात ना बाई? या पानावर मला एकसुद्धा अडला नाही.

नाही, मला वाईट त्याचं नाही वाटलं. म्हणजे वाटलं. पण ओळीखाली बोट ठेवून, माझ्या शेजारी बसून, चेहऱ्यावरची रेघ न हलवता बादली ओतली हिनं माझ्यावर—कुणी शिकवलं हे? मी जन्मभर लोकांना फसवलं, पण कधी असं पोटात शिरून फसवलं नाही. मी अडाणी म्हणून त्या भाषेत लिहायचं, जगभर पाठवायचं, आणि मला इकडे हसवत ठेवायचं. तरी मी तिची बाजू घेतली बरं का. म्हटलं, शब्द मोजके, बिचारीला थट्टेला शब्दच मिळाला नसेल, म्हणून लाय लिहिलं. ही टेल्स ए लाय. बाप खोटं बोलतो. म्हणून मी इथल्या कपाटातली निळ्या पाठीची झाडून सगळी पुस्तकं वाचली. बाईंना वाटलं म्हाताऱ्याला गोडी लागली, वर्गात माझं कौतुक केलं. बेकरीवाल्याच्या गोष्टीत सापडला. जोक. पहिल्याच पायरीला आहे तो. होता शब्द. तिनं घेतला नाही.

आता अडचण बघा माझी. आज ती हे सगळ्यांसमोर वाचणार आणि मला इथं पुढं बसवलंय, तिचा हिरो म्हणून. गच्चीचं चित्र वर केलं की ती माझ्याकडे बघणार, कारण हे माझं हसायचं पान. हसलो, तर हे सगळे म्हणतील काय दगड बाप आहे. नाही हसलो, तर तिला कळणार मला वाचता येतं. काय करू सांगा. नका सांगू, तुम्ही पडलात भले माणूस, तुम्ही म्हणाल माफ करा—

शू. सुरू केलं तिनं.

आवाज बरा आहे ना? शाळेत असताना पुटपुटायची. हे बँकेचं दार चाललंय, हसा, हसा. बघा, मागचे पण हसतायत. तुम्ही तुमचं पुस्तक उघडं ठेवा, ओळीवर बोट ठेवा, माझे डोळे आता लांबचं ओढत नाहीत. न्हाव्याची पाटी. झाली. आता निकाल. तो बघा बाप घरी येतोय, चेहरा पाडलाय. राहिलीस म्हणतोय. आता उलटा पान. बघितलं तिनं माझ्याकडे. बघितलं ना? मी काही केलं नाही हं, नुसता बसलोय.

हे काय वाचतेय? शिडी कुठून आली, ते तर पुढचं पान? तुमचं बोट कुठं आहे—अहो, गच्ची आहे ना तुमच्याकडे? मग ती कुठं आहे? दोन पानं एकदम उलटली हिनं. चुकून नाही हो, चुकून असतं तर आधी माझ्याकडे कशाला बघितलं असतं. परत तेच. परत मला बाजूला बसवून. आणि बघा, कुणाला पत्ता नाही, सगळे कसे माना डोलावतायत.

सोडा, हात सोडा माझा. बसतो, बसतो, आधी उभा तर राहू द्या.

अगं ए. थांब जरा. एक पान राहिलं.