खराब जागा

(नागपूर, सक्करदऱ्याकडचं घर. मे महिन्यातली रविवारची दुपार. मारोतराव, त्यांची बायको कौशल्या आणि मस्कतहून सुटीवर आलेला तिचा धाकटा भाऊ चंद्रभान.)

मारोतराव : नाही म्हणजे नाही! त्या डबड्याची वायर मी माह्या अँप्लिफायरले लावू देणार नाही.

चंद्रभान : डबडं काय म्हणता भाऊजी? जपानी सीडी प्लेअर आहे. मस्कतहून मांडीवर घेऊन आलो, सामानात नाही टाकला.

मारोतराव : मांडीवर आणला म्हणून काय लेकरू झालं का ते?

कौशल्या : लावू द्या ना. एवढ्या दुरून आणला त्यानं.

मारोतराव : तू मधात बोलू नको. हा सगळा सेट मी एक एक पुर्जा जमवून उभा केला. टर्नटेबल कलकत्त्याहून आणलं. स्पीकरचे खोके खास कामठीच्या सुताराकडून, अस्सल सागवानाचे. आणि आता हा येऊन म्हणते, का भाऊजी, हे सगळं भंगारात द्या!

चंद्रभान : भंगार कोण म्हणलं? मी म्हटलं का जमाना बदलला. नव्वद साल लागून राहिलं अन् तुम्ही अजून सुई घासून राहिले.

कौशल्या : अन् ते खोलीचं पण सांगा त्याले. घरातली एकच थंड खोली, ती रेकॉर्डींची. उन्हानं वाकड्या होतात म्हणे. आम्ही वाकडे झालो तरी चालते.

मारोतराव : झालं तुहं? ठीक आहे चंद्रभान, होऊनच जाऊ दे. यमुताईची मैफल. तुह्या सीडीवर आहे म्हणतो ना तू? माह्याजवळ एलपी आहे. आधी माही, मंग तुही. मंग सांगजो खरा आवाज कोणाचा. कौशल्या, कूलर बंद कर.

कौशल्या : बाप्पा! बाहेर आग पडून राहिली.

मारोतराव : त्या घरघरीत काय ऐकू येईल डोंबलाचं? बंद कर.

कौशल्या : केला बाप्पा. आता शिजा सगळे.

मारोतराव : चुप. ऐक आता.

चंद्रभान : भाऊजी, हे कढईत मोहरी तडतडल्यासारखं काय वाजून राहिलं?

मारोतराव : त्याले जीव म्हणतात! तानपुरा ऐक. तुही बहीणच बसली आहे मागं तानपुरा घेऊन. लग्नाच्या आधी यमुताईजवळ गाणं शिकत होती, तवाची गोष्ट. पासष्ट साली कंपनीची माणसं मशिनी घेऊन नागपूरले आली होती, भर मैफलीत रेकॉर्ड केली ही. मी सगळ्यायले सांगतो, आमच्या घरचा तानपुरा आहे म्हणून. विचार तिले.

कौशल्या : हाव. सांगतात.

चंद्रभान : यमुताईचा आवाज मातर... वा! काय तान घेतली... अर्रे! सुई काहून उचलली?

मारोतराव : तिथं खराब जागा आहे. यमुताईले ठसका लागला होता, सगळा विचका झाला. मी नेहमीच उचलतो. थोडी पुढं ठेवली का झालं. हे पाह्य, लागली पुन्हा.

चंद्रभान : हे पाह्य? गाडीत बसून मधातच उतरायचं अन् पुढच्या स्टेशनावर पुन्हा बसायचं? हा कोणता खरा आवाज?

मारोतराव : तुह्या डबड्यापेक्षा खरा.

चंद्रभान : आता सरका. ताईनं मले मागच्या सुटीत खास बजावलं होतं, यमुताईची हीच मैफल सीडीवर भेटली तर आणजो. सगळ्या मस्कतचे दुकान पालथे घातले मी. हे पाहा, बटण दाबलं. ना खरखर, ना तडतड.

मारोतराव : ना जीव. दवाखान्यातल्या फरशीसारखं आहे हे. फिनाईलनं पुसलेलं.

चंद्रभान : साफ आहे म्हणून दुखून राहिलं तुम्हाले! तबल्याचं बोट न् बोट ऐकू येऊन राहिलं.

मारोतराव : बोटं ऐकू येतात, माणूस कुठी आहे? अरे, गाणं म्हणजे काय एक्स-रे आहे?

चंद्रभान : तुमचं म्हणजे असं आहे, धूळ साचली का तिले आत्मा म्हणायचं!

कौशल्या : चुप राहा दोघंही! तोंडं बंद ठेवा जरा. आता येते.

चंद्रभान : काय येते ताई?

कौशल्या : चुप म्हटलं ना... ही तान... हाव... आता... अं? थांबव. मागं ने ते.

चंद्रभान : काय झालं?

कौशल्या : मागं ने, म्हटलं! पुन्हा लाव... ठसका कुठी गेला?

चंद्रभान : ठसका? काढला असन ना ताई. मशिनीवर साफ करतात आता. हे काय, कव्हरवरच लिहिलं आहे, सगळे दोष काढून नवी प्रत बनवली म्हणून.

कौशल्या : अन् ठसक्याच्या पुढचं?

चंद्रभान : तेही काढलं दिसते. पण जोड पाह्य किती सफाईनं मारला! समेवर समच. समजतही नाही काही गेलं म्हणून.

कौशल्या : समजत नाही? तुले समजत नाही भैताडा! मले समजते! मुडदा बसवला त्या कापणाऱ्याचा! कोणाले विचारून कापलं?

मारोतराव : आता बोल चंद्रभान! पाहिली तुही नवी मशीन? ही सरासर चोरी आहे! बेइमानी आहे! मैफलीत झालं ते झालं, तुम्ही कोण कापणारे? म्हणून म्हणतो मी, एलपी इमानदार. कंपनीनं जे भरलं ते सगळंच्या सगळं...

कौशल्या : तुम्ही तर बोलूच नका!

मारोतराव : अवं, मी तुह्याच बाजूनं बोलून राहिलो!

कौशल्या : माही बाजू माहीत आहे का तुम्हाले? ठसका लागल्यावर काय झालं होतं, ठाऊक आहे? यमुताईचा श्वास अडकला. डोळ्याले पाणी. हॉल गच्च भरलेला, तबलेवाला वाजवूनच राहिला. यमुताईनं वळून माह्याकडं पाहिलं अन् मान हलवली. धर म्हणून. मी धरलं. यमुताईनं पाणी पिऊन, गळा साफ करून पुन्हा सूर लावेपर्यंत मी गायली. एकटी गायली! लोकायसमोर सगळ्या जन्मात तेवढंच गायली मी.

चंद्रभान : ताई... ते तू होती?

मारोतराव : तो तुहा आवाज? आणि मले एका शब्दानं नाही सांगतलं?

कौशल्या : सांगणार होती. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीले ही रेकॉर्ड आणली तुम्ही. बैठकीत तुमचे दोस्त, मामंजी, सगळे बसून होते. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. म्हटलं, ती जागा येऊ दे, मंग सांगीन. आली जागा. अन् तुम्ही काय म्हणले? आठवते?

मारोतराव : आता इतक्या वर्षांचं...

कौशल्या : "ही कोण पोट्टी मधातच रेकून राहिली?" असं म्हणले, अन् सुई उचलली. सगळे हासले. मामंजीही हासले. मी चहा दिला सगळ्यायले.

मारोतराव : मले काय स्वप्न पडलं होतं का, का ती तू आहे म्हणून? नंतर सांगायचं होतं.

कौशल्या : कोणाले सांगायचं? ज्यानं रेकली म्हटलं त्यालेच जाऊन सांगू, का ते रेकणं माहं होतं? तवापासून दर रविवारी लोकं बोलवता, यमुताई लावता, अन् त्या जागेवर आले का झाली सुई उचलून! वरून सांगता, खराब जागा आहे.

चंद्रभान : पण ताई, भाऊजी ऑफिसात गेले का तू लावायची ना. गपचूप.

कौशल्या : कपाटाले कुलूप राहते. चाबी यांच्या खिशात. बाईमाणसाच्या हातानं सुई मोडते म्हणे! कढईभर उकळत्या तेलातून वडे काढते मी, पण सुई मोडते! तू मागच्या सुटीत सांगतलं ना, का सीडीले सुईच नसते म्हणून? म्हटलं बरं झालं माय. सुईच नाही तर उचलतीन काय? एकदा तरी पुरी वाजन. तर त्या मेल्यायनं मले झाडूनच टाकलं!

चंद्रभान : मले खरंच माहीत नव्हतं ताई.

कौशल्या : तुम्ही दोघंही एकाच माळेचे मणी! हे हातानं उचलतात, तुहे सीडीवाले मशिनीनं कापतात. अन् सकाळपासून घर डोक्यावर घेतलं, कोणाचा आवाज खरा, कोणाचा आवाज खरा! माहा आवाज कुठी आहे?

मारोतराव : एलपीवर आहे ना. थांब, लावतो मी.

कौशल्या : सरका तिकडं. मी लावीन.

मारोतराव : अवं, हात हलका लागते त्याले...

कौशल्या : सरका म्हणते ना! कुठी ठेवायची तेवढं सांगा.

मारोतराव : सांगतो. ती... मधातली पट्टी दिसते? बाकीच्यापेक्षा काळी, चमकणारी? तिच्या जराशी आधी. हां. सोड. सोड आता, काही मोडत नाही.

चंद्रभान : तीच तान... हा ठसका... ताई! बाप्पा, हा तुहा आवाज? अन् भाऊजी, ती तडतड कुठी गेली? एकदम थांबली! हे तर सीडीपेक्षा साफ आहे! असं काहून?

मारोतराव : त्या दिवाळीपासून तिथं सुई लागलीच नाही ना गा. मंग घासन कशी?

कौशल्या : चुप बसा दोघंही. मी गाऊन राहिली.