देवघरला डोई पंचावन्न रुपये

...आणि वर लोक मलाच विचारतात, "घटकबाबू, तुमचं नक्की चुकलं कुठे?" अहो, चुकलं असतं तर सांगितलं नसतं का? छत्तीस वर्षं ज्यूट मिलच्या हिशोब खात्यात काढली मी, साहेबाचा हिशोब चुकेल पण अनादि घटकचा चुकणार नाही असं सगळं उत्तरपाडा गाव म्हणतं, आणि देवघरच्या मुक्कामाचा हिशोब तर मी तीनदा केला होता, एकदा पेन्सिलीनं, दोनदा शाईनं. हिशोब माझा बरोबर होता!

आता आधी हे कळू द्या की देवघर कशासाठी. आमची बाणी... म्हणजे कुटुंब... तिचं दुर्गापूजेच्या आधी पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "घटकबाबू, औषध पुष्कळ झालं, आता यांना हवापालट पाहिजे. महिनाभर पश्चिमेकडे न्या. आणि चुलीपासून लांब ठेवा." आता आमच्यात डॉक्टरनं पश्चिम म्हटलं की विलायत नव्हे, देवघर, मधुपूर, गिरिडीह. तिथलं पाणी असं की दगड खाल्ला तरी पचतो. माझ्या आजोबांना नेलं होतं, वडिलांना नेलं होतं, आम्हा बंगाल्यांची पोटंच तशी, तिथे जाऊन आल्याशिवाय हिवाळा सरत नाही. तर बाणी रस्त्यात मला म्हणाली, "अहो, चौतीस वर्षांत महिनाभर कधी कुणी मला आयतं वाढलं नाही. न्याल ना खरंच?" मी म्हटलं, नेतो. शब्द दिला. पूर्ण तीस दिवस.

झालं, बसलो कागद घेऊन. हॉटेल दिवसाला पंधराशे, तीस दिवसांचे पंचेचाळीस हजार. नुसत्या झोपायचे! जेवण वेगळं, चहा वेगळा, अंघोळीला गरम पाण्याची बादलीसुद्धा वेगळी. आणि त्याच देवघरात, त्याच हवेत, तेच पाणी असलेला अख्खा बंगला, तीन खोल्या, ओसरी, विहीर, दारात पेरूचं झाड, महिन्याला किती? अठरा हजार. सत्तावीस हजार सरळ वाचतात! तुम्ही काय केलं असतं? बंगलाच घेतला असता ना? मग? स्वयंपाकाचं म्हणाल तर दोन माणसांचा स्वयंपाक असा असतो किती? डाळ-भात, माशाचा एक तुकडा. तो काय स्वयंपाक झाला? तो चुलीजवळ जाणंसुद्धा नाही, चुलीवरून जाणं आहे. हिशोब माझा बरोबर होता.

एकच गोष्ट केली मी. सांगितलं. संध्याकाळी निताईच्या दुकानापुढच्या बाकावर आमचा अड्डा असतो, तिथे सांगितलं. का सांगू नये? माणसानं सत्तावीस हजार वाचवायचे आणि तोंडाला कुलूप लावून बसायचं? मग वाचवण्यात अर्थ काय? सगळे म्हणाले, "वा घटकबाबू, मानलं तुम्हाला." मेहुण्याला फोनवर सांगितलं. आत्याला जाऊन सांगितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हे, पण तेव्हा कुठे कळतं?

पहिले दोन दिवस काय सुंदर गेले म्हणून सांगू. बाणी ओसरीवर उन्हात शाल घेऊन बसलेली. पेरू खाल्ला तिनं. मी म्हटलं, रंग बदलतोय. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात टमटम थांबली. आतून आधी ट्रंक आली, मग मफलर, मग माकडटोपी, आणि टोपीच्या आत मेहुणा, गौरांग. मागे त्याची बायको, दोन पोरगे. "जामाईबाबू, वैद्यनाथाच्या दर्शनाला आलो होतो. म्हटलं तुमचं घर असताना हॉटेलात उतरणं बरं दिसत नाही." बरं दिसत नाही! आता बायकोच्या भावाला काय म्हणणार तुम्ही? या म्हणालो.

सहाव्या दिवशी आत्या. पिशीमा आमची, वय ब्याऐंशी, विधवा, सोवळ्यातली. तिला सोडायला म्हणून तिचा पुतण्या, तो सोडून परत जाणार होता, अजून जातोय. आता पिशीमा म्हणजे मासा नाही, कांदा नाही, आणि मासा शिजला त्या चुलीवरचं काही नाही. म्हणजे दुसरी शेगडी. म्हणजे दुसरी भांडी. आणि लावणार कोण? "बहूच्या हातचं चालेल मला," पिशीमा म्हणाली, "बाकी कुणाच्या हातचं या वयात आता नको." केवढे उपकार बघा. स्वयंपाकाला बाई ठेवू म्हटलं तर गौरांग म्हणतो, "छे छे, दीदीच्या हातची मोहरी घातलेली मासळी सोडून कुठल्या बाईच्या हातचं खायचं? आणि तुमचा खर्च कशाला वाढवू?" माझ्या खर्चाची त्याला इतकी काळजी!

आणि ते पाणी. दगड पचवणारं. दोन पोरगे सकाळी अकरा पुऱ्या खायचे, विहिरीचं पाणी प्यायचे आणि साडेदहाला बाणीला विचारायचे, "पिशी, खायला काय आहे?" हवापालट सगळ्यांना लागू पडला, तुम्हाला सांगतो. पिशीमासुद्धा दुपारची खिचडी दोनदा मागायला लागली. नवव्या दिवशी निताई आला, बाकवाला, दुकान बंद करून, बायको आणि मुलीला घेऊन. मी म्हटलं, "अरे, तू इथे?" तो म्हणाला, "तुम्हीच नाही का म्हणालात, तीन खोल्या आहेत, दोन माणसं काय करणार?" म्हणालो होतो. म्हणालो होतो मी.

आता खरं सांगायचं तर... इथे माझी थोडी चूक आहे, थोडीच. मी मनातून वैतागलो होतो, पण रात्री उशाशी तो कागद घेतला की जरा बरं वाटायचं. कारण बघा, दोघं होतो तेव्हा राहण्याचा खर्च दिवसाला डोई तीनशे. गौरांगची फौज आली, शंभर झाला. पिशीमा आली, पंचाहत्तर. निताई आला आणि अकरा माणसांत भागलं तर डोई पंचावन्न रुपयेसुद्धा पडत नाहीत! देवघरात, डिसेंबरात, पंचावन्न रुपयांत! मला राहवेना. बाराव्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकघरात गेलो. बाणी एका शेगडीवर पिशीमाचं दूध तापवत होती आणि दुसरीवर मटारच्या कचोऱ्या तळत होती. मी म्हटलं, "अगं, डोई पंचावन्नवर आलं."

तिनं पदरानं कपाळ पुसलं, दोन्ही शेगड्यांवरची भांडी उतरवली, म्हणाली, "कागद द्या बघू तो." दिला. मला वाटलं कौतुकानं बघणार. वरपासून खालपर्यंत वाचला. म्हणाली, "यात गरम पाण्याची बादली आहे. रामधनी माळ्याची बक्षिशी आहे. तुमच्या सुपारीचे पैसे आहेत. यात मी कुठे आहे?"

मी म्हटलं, "तू म्हणजे... तू तर आहेसच." आणि बोलता बोलताच मला कसंतरी झालं हो. तिचा हात पोटावर होता, टाक्यांच्या जागी. अकरा जणांचं दोन वेळचं, दोन शेगड्या, आणि मी हिच्यासाठी आणलं होतं हिला.

तिनं कागद उलटा केला. माझीच पेन्सिल घेतली. "तुम्ही सत्तावीस हजार वाचवलेत. हॉटेलची खोली पंधराशे. अठरा दिवस होतात. आपले दिवस किती उरले? तिसातून बारा गेले, अठरा. ते मी हॉटेलात काढते. माझ्या जेवणाला गौरांगनं भाऊबीजेला दिलेले पैसे आहेत, तो इथे खातो त्याची फेड त्याच्याच पैशातून होऊ दे." छत्तीस वर्षं हिशोब खात्यात होतो मी. कुठे बोट ठेवायला जागा नाही! पैशाचा फरक नाही.

मी म्हटलं, "मग मीही येतो." तर म्हणाली, "तुम्ही आलात की तुमच्या मागोमाग सगळे येतील. आणि पिशीमाला कुणाच्या भरवशावर टाकता?" खरं होतं. सकाळी रिक्षा आणून दिली मी. शिवाय तिची पिशवी उचलून दिली.

मला वाटलं होतं, आता तरी ही मंडळी लाजतील, निघतील. गौरांग म्हणाला, "दीदीनं बरं केलं, तिला विश्रांती पाहिजेच होती." आणि निताईनं रिकाम्या जागेवर साडूला बोलावून घेतलं. परत अकरा. हिशोब हलला नाही.

आता सकाळी कोळसा मी पेटवतो. पिशीमा अंघोळ करायला लावून, ओल्या धोतरानं शेगडीशी उभं करते मला. मोहरी वाटून वाटून हात भाजल्यासारखे झालेत, आणि गौरांग म्हणतो, "जामाईबाबू, दीदीसारखी जमत नाही तुम्हाला, पण चालेल." चालेल!

चार वाजता तेवढा हॉटेलवर जातो. बाणी बाहेर खुर्चीत बसलेली असते, पाय वर घेऊन. गाल वर आलेत तिचे, खोटं कशाला बोलू. नोकर ट्रे आणून ठेवतो, ती नुसती मान हलवते. काल मला चहा दिला, दोन बिस्किटं दिली. आतून मासा तळल्याचा वास येत होता, कुणीतरी दुसऱ्यानं तळलेल्या माशाचा. मी म्हटलं, "बाणी, आज मीही इथेच जेवतो." ती म्हणाली, "चहा घ्या हवा तर आणखी. जेवायला थांबू नका. माझ्या हिशोबात पाहुणा धरलेला नाही."

उठलो. काय करणार? अकरा माणसांची खिचडी टाकायची होती.