अंधार पडायच्या आत

दीप्ती : (फोनवर) म्हंजे आईचं नाव घेतलं न्हाय म्हणून फुगून बसलास? कम्प्युटरवर?

अरिहंत : फुगलो न्हाय गं. रोज दिवस कलला की म्हणायचं, 'आई जेवायची थांबली आहे, काम आवरू या.' आज नुसतंच, 'अंधार पडायच्या आत थांबायचं आहे.' बास.

दीप्ती : पण आईचं त्याला सांगितलंतं कुणी?

अरिहंत : मीच. एआय हाय ते, कोड लिहायला मदतीला घेतलेलं. आदल्या दिवसाचं त्याला कायबी आठवत न्हाय. सकाळी उघडलं की लिहून ठेवलेली टिपणं वाचतं आन् कामाला लागतं. मी एकदा कोडात घुसलो की मला भान ऱ्हात न्हाय, आन् आई तर माझ्याबिगर ताटावर बसायची न्हाय. जैनाचा नेम, दिवस मावळला की तिचं पाणीबी बंद. उपाशी ऱ्हाईल म्हणून लिवलंतं.

दीप्ती : आन् ती गेल्यावरबी तसंच ठेवलंस.

अरिहंत : पुसवलं न्हाय.

दीप्ती : मग आता कुणी पुसलं?

अरिहंत : टिपणं लई वाढली. म्हटलं, तूच आटोपशीर कर. त्यानं नियम ठेवला आन् कारण गाळलं. विचारलं, का थांबायचं रं? म्हणतंय, 'कारण माझ्याकडे नाही, तसं लिहिलेलं आहे.'

दीप्ती : खरं बोललं की बिचारं. आपण तरी ल्हानपणी कुठं कारण विचारलं? ती वाढायची, आपण जेवायचो. घाल परत लिहून, त्यात काय एवढं?

अरिहंत : काय लिहू? 'आई वाट बघते' लिवलं तर खोटं. ते बिचारं खरं धरून चालतंय. 'बघत होती' लिवलं, तर मग थांबायचं कशाला?



दीप्ती : जेवलास?

अरिहंत : एकट्याला काय वाढून घ्यायचं? निपाणीच्या ह्या घरात ताट ठेवल्याचा आवाजसुदीक मोठा वाटतोय गं. बघू मागनं.

दीप्ती : दिवस हाय अजून, ऊठ. आन् त्याला लिही, दीप्ती वाट बघते.

अरिहंत : उगं कायतरी सांगू नगंस. तुझं संकेश्वरचं घर माणसांनी भरलेलं. तू कशाला माझी वाट बघशील?

दीप्ती : हिकडं सगळी नवाच्या पुढं जेवत्यात, अण्णा. लग्न होऊन आल्यापासनं उजेडात ताटावर मी एकटीच असते.