काठाशी अडखळलेला दात

दुसऱ्यांचं बोलणं ऐकणं वृद्ध सावारागी असभ्य मानत. पण कानाझावाच्या त्या बसमध्ये पुढच्या बाकावर नवऱ्याशेजारी बसलेल्या बाईंच्या मांडीवर चहाचा काळा वाडगा होता, आणि सावारागींचं उभं आयुष्य फुटकी भांडी लाखेनं सांधण्यात गेलं होतं.

"अहो, तडा लपवायचा ठरला होता ना? आणि तुम्ही चक्क सोनं लावलंत!"

"अगं, नुसती लाख ओंगळ दिसत होती."

"वर घोटलंतही! डोळे दिपताहेत."

"माशाच्या दातानं घोटलं, त्यानंच सोन्याला चकाकी येते. दोन दिवस बसलो होतो."

"हसू नका! सासूबाईंकडून मागून आणलेला वाडगा मी फोडला. 'चाळीस वर्षांत माझ्या हातून याला ओरखडाही नाही पडला,' असं त्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवतात. आजही त्यांच्याकडे पाहुणे आहेत. सगळ्यांदेखत माझी शोभा होणार."

"तेच सांगतोय. घोटता घोटता दात काठाशी अडखळला."

"म्हणजे?"

"तिथं जुनी लाख आहे. वाडग्याच्याच रंगाची, डोळ्यांना मुळीच न दिसणारी."

"कुणी लावली?"

"आमच्या घरात आईशिवाय लाखेला हात कोण लावत होतं?"

"सासूबाईंनी फोडलाय?"

"हळू! सगळी बस बघतेय."

"बघू दे! अगं बाई, हसून पोट दुखायला लागलं. मग तुम्ही काय केलंत?"

"तिथंही सोनं लावलं."

"अहो!"

"आणि घोटलं. आता दोन रेघा आहेत. त्यातली तुझी कुठली, ते आईनंच पाहुण्यांना सांगावं."